अंबडहून काढलेला चंद्र

अंबडच्या कोर्टासमोर टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, स्टॅम्पवाले अशी जी रांग आहे, तिच्यात चौथं दुकान बद्रीनाथचं. छत्तीस वर्षं झाली त्या दुकानाला. तालुक्यातली निम्मी माणसं तिथल्या स्टुलावर बसून गेली असतील. हनुवटी वर, डोळे उघडे, हसू नका. लग्नाच्या ऑर्डरी आता त्याचा मुलगा कल्याण बघायचा, ड्रोन वगैरे घेऊन. बद्रीनाथच्या वाट्याला पासपोर्ट साइज उरली होती, आणि तीही धड उरली नव्हती. लोक मोबाइलवर फोटो काढून आणायचे आणि म्हणायचे, "काका, फक्त प्रिंट मारा."

जानेवारीत एक दिवस मुलींच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मोनाली मॅडम दुकानात आल्या.

"काका, एक फोटो काढायचा होता."

"बसा स्टुलावर."

"माझा नाही. चंद्राचा."

शाळेत नवीन विज्ञान दालन होत होतं. अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला त्याचं उद्घाटन. दारासमोरच्या भिंतीवर मॅडमना चंद्राच्या पृष्ठभागाचा तीन फुटी फोटो लावायचा होता. "इंटरनेटवरून घेतला तर पाच मिनिटांचं काम आहे," त्या म्हणाल्या. "पण मला इथून काढलेला पाहिजे. पोरींना सांगता आलं पाहिजे, की हे अंबडहून दिसतं. शाळेत दुर्बीण आहे. तीन वर्षं झाली, खोक्यातून निघाली नाही. तिला कॅमेरा लावणारं माणूस पाहिजे."

"लावतो की," बद्रीनाथ म्हणाला. "त्यात काय! चंद्र तर हलत बी न्हाई. आपण रडणाऱ्या लेकरांचे फोटो काढलेत मॅडम. आठ दिवस द्या."

शाळेच्या शिपायानं खोकं रिक्षातून घरी आणून टाकलं. आत वीतभर रुंद आणि कमरेएवढी लांब पांढरी नळी, तळाशी साडेचार इंचांचा आरसा, तीन पायांचा स्टँड आणि कुठल्याच भाषेत नीट न लिहिलेला एक कागद. बद्रीनाथनं ते सगळं गच्चीवर नेऊन जोडलं. षष्ठीचा चंद्र डोक्यावर होता. सूर्य मावळून तास होऊन गेला होता, आभाळ स्वच्छ, वारा नाही. त्यानं नळी चंद्राकडे केली आणि डोळा लावला.

काळंकुट्ट.

नळी जराशी इकडे केली, जराशी तिकडे केली. काळंच. अर्धा तास गेला. नुसत्या डोळ्यांना एवढा ढळढळीत दिसणारा चंद्र दुर्बिणीत घुसायला तयार नव्हता. बायको चहा घेऊन वर आली. दैवशालानं एकदा चंद्राकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"टोपण काढलं का तिचं?"

"टोपण काढलंय!" बद्रीनाथ एवढ्या जोरात ओरडला, की खालचा कुत्रा भुंकायला लागला.

मोठ्या नळीवर नेम धरायला जी छोटी नळी असते ती भलतीकडेच बघत होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी उजेडात, पाण्याच्या टाकीवर नेम धरून पाहिलं तेव्हा कळलं. छोटीचे स्क्रू फिरवून दोन्ही नळ्या एका जागी आणायला त्याची अख्खी दुपार गेली. दुकान बंदच राहिलं.

पण त्या संध्याकाळी चंद्र सापडला. आधी सगळं पांढरं झालं, डोळ्याला पाणी आलं, मग चाक हळूहळू फिरवत गेला तशा कडा घट्ट होत गेल्या. खड्डे. खड्ड्यात खड्डे. उजेड आणि अंधार जिथं एकमेकांना भेटत होते तिथं तर एकेका खड्ड्याची एक कड उन्हात आणि आतला निम्मा भाग काळ्या सावलीत. बद्रीनाथला हा उजेड ओळखीचा होता. माणसाच्या एकाच बाजूनं दिवा लावला की चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती उठून येते, तोच हा उजेड. एवढी वर्षं तो वापरत आला होता, आणि तो इथं इतक्या लांब कुणी न लावता लागलेला होता. डोळा काढावासा वाटेना. पण मिनिटाभरात चंद्र सरकत सरकत नळीतून निघून गेला, आणि बद्रीनाथला आठवलं की आपण मॅडमना काय म्हणालो होतो. चंद्र तर हलत बी न्हाई.

कॅमेरा लावायला घेतला तेव्हा खरा ताप सुरू झाला. लेन्स काढून कॅमेरा थेट नळीला जोडायची रिंग कल्याणनं जालन्याहून आणून दिली. जोडली, चाक फिरवलं, चंद्र घट्ट होत आला, होत आला, आणि चाक संपलं. अर्धा इंच. कॅमेरा अजून अर्धा इंच आत जायला पाहिजे होता आणि नळीत जागाच उरली नव्हती. दोन संध्याकाळी त्यानं त्याच चाकाशी झगडण्यात घालवल्या, आपलंच काही चुकत असेल म्हणून. तिसऱ्या दिवशी मॅडमनी कुठूनसं विचारून सांगितलं, की या बनावटीच्या दुर्बिणीत ते होतच नाही.

"मंग आधीच सांगायचं ना कुणीतरी!" तो म्हणाला. पण सांगणार कोण? सगळ्या गावात विचारायला दुसरा माणूस नव्हता.

मग त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून प्लंबिंगचा पाइप जोडायचा सांधा आणला, आतून घासला, एका तोंडात दुर्बिणीची डोळ्याला लावायची काच आणि दुसऱ्यात लेन्ससकट कॅमेरा बसवला. बसला. पण कॅमेऱ्याच्या वजनानं नळी त्या बाजूला झुकायला लागली. दुसऱ्या टोकाला अर्ध्या किलो साबुदाण्याची पिशवी बांधली तेव्हा कुठं तोल आला. एकादशीच्या दिवशी दैवशालानं ती पिशवी सोडून खाली नेली, आणि बद्रीनाथ संध्याकाळी वर आला तेव्हा नळी जमिनीकडे तोंड करून बसली होती.

"साबुदाणा बी विचारून शिजवायचा का आता?" दैवशाला म्हणाली.

फोटो निघाले, शेकड्यानं निघाले, पण एकही कामाचा नव्हता. बटण दाबलं की नळी थरथरायची. टायमर लावला तर दहा सेकंदांत चंद्र पुढं गेलेला असायचा. चंद्राच्या पुढचा नेम धरून, तो मध्यावर येईल तेव्हा बटण सुटेल असा हिशेब बसवला, तर नेमकं त्या वेळी खालच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायच्या. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली, आणि सगळी गच्ची पायाखाली गुरगुरायची. ट्रॉल्या थांबल्या की शेजारी राधेश्याम शेठची पाण्याची मोटर चालू व्हायची.

त्याच राधेश्याम शेठनं एका संध्याकाळी कठड्यावरून हाक मारली. कापडाचं दुकान होतं त्यांचं, माणूस सभ्य.

"बद्रीभाऊ, एक बात होती. रागावू नका. आमच्या घरच्या लेडीज लोक गच्चीवर येतात. ही दुर्बीण कुणीकडं चालू आहे?"

"वर, शेठ! आभाळाकडं! नळी तर बघा कुणीकडं हाय!"

"ते दिसून राह्यलं. पण खाली पण होत असेल ना?"

बद्रीनाथनं त्यांना कठडा ओलांडून इकडे यायला लावलं. कॅमेरा काढला, चंद्र धरला, "बघा आता," म्हणून बाजूला झाला. शेठ चष्मा काढून, धोतराचा सोगा सावरून, वाकून बसेपर्यंत चंद्र निघून गेला होता.

"काहीच नाही दिसत," शेठ म्हणाले. उठताना त्यांनी बद्रीनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "तब्येत बराबर आहे ना?"

ट्रॉल्या नसताना, मोटर बंद असताना, नेम बसलेला असतानाही जे फोटो निघाले ते त्यानं रात्री कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. चंद्राची कड उकळत्या दुधासारखी. खड्डे होते, पण पाण्याखाली पडलेल्या नाण्यासारखे. मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, "गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो ना काका. संध्याकाळी तीच गरमी वर निघते. त्या हलत्या हवेतून आपण बघतोय."

म्हणजे कॅमेरा बरोबर, दुर्बीण बरोबर, चंद्र बरोबर, आणि घरच चुकीचं.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी कल्याण जालन्याहून एक साखरपुडा उरकून आला. गच्चीवर चढला, बापाची ती साबुदाण्याची, पाइपाची, दोऱ्यांची रचना त्यानं पाहिली. खिशातून नवा मोबाइल काढला, हात वर केला, बोटानं चित्र मोठं केलं, आणि क्लिक.

"अण्णा, हे बघा."

बद्रीनाथनं बघितलं. काळ्याभोर आभाळात चंद्र, काठ सुरीनं कापल्यासारखा, खड्डे, डाग, खड्ड्यांतून निघालेल्या पांढऱ्या रेघा, सगळं लख्ख. हातात धरून. एका सेकंदात.

रात्री तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. सकाळपर्यंत हात जोडलेली, टाळ्या वाजवणारी चित्रं खाली लागली होती. तिथून तो शाळेचे मुख्याध्यापक अप्पाराव सर यांच्यापर्यंत पोचला, आणि सरांनी मॅडमना सांगितलं, "झालं ना काम! हाच मोठा करून लावा. त्या म्हाताऱ्याला कशाला त्रास?"

हे 'म्हाताऱ्याला' कुणीतरी बद्रीनाथच्या कानावर घातलंच.

तीन दिवस तो फोटो त्यानं कॉम्प्युटरवर उघडून ठेवला. येता जाता बघायचा. राग होताच, पण राग बाजूला ठेवला तरी काहीतरी टोचत होतं. त्या खड्ड्यांच्या कडा सगळीकडे सारख्याच घट्ट होत्या. खऱ्या फोटोत असं होत नाही. कुठंतरी सुटतं, कुठंतरी धरतं. बद्रीनाथ स्वतः कॅमेरा हातात धरायच्या आधी जालन्याच्या एका स्टुडिओत सहा वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायला बसलेला माणूस होता. लोकांचे व्रण, खळगे, डोळ्यांखालचे काळे, सगळं त्यानं हातानं बुजवलेलं. हाताचं काम त्याला कळत होतं.

चौथ्या दिवशी त्यानं आपलाच एक फसलेला फोटो घेतला, कॉम्प्युटरवर आणखी पुसट केला, इतका की चंद्राच्या जागी नुसता मळकट गोळा राहिला. एकही खड्डा नाही. त्याची छोटी प्रिंट काढली, दुकानाच्या मागच्या भिंतीला काळं कापड लावून त्यावर चिकटवली, एक दिवा तिच्यावर सोडला, बाकी सगळे बंद केले, शटर निम्मं ओढलं.

"कल्याण, तिथं दारात उभा राह्य. तुझ्या मोबाइलनं याचा फोटो काढ. मोठा करून."

"हे काय आता?"

"काढ तर."

कल्याणनं काढला. स्क्रीनकडे पाहिलं. आणखी एक काढला. मग चालत भिंतीपर्यंत गेला आणि त्या मळकट गोळ्यावर नाक टेकवून पाहिलं.

मोबाइलमधल्या चंद्रावर खड्डे होते. पांढऱ्या रेघाही होत्या.

"गोल आणि उजळ दिसलं, की तो आपल्या मनानं चंद्र काढून राह्यला," बद्रीनाथ म्हणाला. आवाज चढत गेला. "हा फोटो न्हाई कल्याण. हे रिटचिंग हाय. कुणीतरी आधी काढलेला चंद्र आणून इथं चिकटवलाय."

कल्याणनं मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "असू दे की. चंद्र काय दोन हायेत का? तोच हाय ना? चांगला दिसतो, लोकांना आवडला. तुमचे इतक्या दिवसांतले फोटो बघितले मी. एक तरी लावण्यासारखा हाय का?"

"न्हाई. पण जे हायेत ते माझ्या गच्चीवरून दिसलेले हायेत."

"आणि गोजरमामी तुमच्यासमोर फोटोला बसली, तिच्या तोंडावरचे देवीचे वण? कुणी पुसले होते? जिंदगीभर हेच केलं ना तुम्ही? लोकांना गोरं केलं, वण काढले. तेव्हा ते फोटो होते, आणि मी केलं की रिटचिंग."

"गोजरबाईनं सांगितलं होतं म्हणून काढले!" बद्रीनाथ ओरडला. "समोर बसून सांगितलं होतं, भाऊ, एवढं जमव म्हणून. तुला चंद्रानं सांगितलंय का?"

कल्याण शटर वर ढकलून निघून गेला. कोर्टाच्या फाटकापाशी उभे असलेले दोन वकील इकडे बघत होते.

मॅडमना बद्रीनाथनं सगळं सांगितलं. त्यांनी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बघू." तोवर पौर्णिमा उलटून गेली होती. चंद्र रोज उशिरा उगवायला लागला, मग पहाटे, मग दिसेनासा झाला. आता पुढचा पंधरवडा नुसतं थांबायचं होतं. गिऱ्हाइकांशी तो तुसडेपणानं वागायला लागला. "हनुवटी वर," म्हणायचा ते खेकसल्यासारखं. आठ दिवस म्हणून घेतलेल्या कामाला महिना झाला होता.

फाल्गुन लागला. या वेळी त्यानं गच्चीचा नादच सोडला. दैवशालाचा भाऊ अंगद गावापासून चार किलोमीटरवर मळ्यात राहायचा. त्याचा हरभरा निघाला होता, रान मोकळं होतं. तिथं तापायला स्लॅब नव्हता, जवळ रस्ता नव्हता. बद्रीनाथनं दुर्बीण, स्टँड, कॅमेरा, सगळं रिक्षात घालून तिकडे नेलं आणि ढेकळं सपाट करून जागा केली.

"दाजी, इथून चंद्र जवळ हाय का?" अंगदनं विचारलं. मस्करी करत नव्हता तो.

"लांबच हाय. पण इथं कुणी हलवत न्हाई."

पंचमीला ढग आले. षष्ठीला वारा असा सुटला, की नळी शिडासारखी फिरायला लागली. सप्तमीला शेजारच्या रानात मळणी यंत्र चालू होतं आणि हरभऱ्याच्या भुशाचा धुरळा आभाळभर. बद्रीनाथ यंत्र बंद व्हायची वाट बघत बसला. ते बंद झालं, धुरळा बसला, आणि कॅमेऱ्याची बॅटरी गेली. चार्जर घरी होता. तो तिथंच ढेकळावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. कुणाला शिव्या द्याव्यात हेही त्याला सुचेना. अष्टमीला सगळं ठीक होतं, पण फोटोंत कुठंतरी घट्टपणा सुटलेला. घरी जाऊन बघितलं तर काचेवर त्याच्याच अंगठ्याचा ठसा.

नवमीला तो दुपारीच गेला. काच पुसली. दोन बॅटऱ्या. नळी तासभर आधीच बाहेर उघडी ठेवली, हवेइतकी थंड व्हायला. हे आता त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. सूर्य गेला. चंद्र जवळजवळ डोक्यावर आलेला, आणि हलू नये म्हणून स्टँडचे पाय इतके आखडलेले की त्याला गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून बघावं लागत होतं. ढेकळं गुडघ्याला टोचत होती. हवा अजिबात हलत नव्हती. चंद्राच्या पुढं नेम, दहा सेकंद, खट्. पुन्हा नेम, दहा सेकंद, खट्. त्यानं सव्वादोनशे फोटो काढले आणि उठला तेव्हा पाय लुळे पडले होते. अंगदनं काखेत हात घालून उभं केलं.

घरी सगळे पाहिले. सव्वादोनशेतला एकशे चौऱ्याऐंशीवा त्यानं मोठा केला आणि त्याचा माउसवरचा हात थांबला. करड्या रंगाचा चंद्र. कल्याणच्या चंद्रासारखा चमकदार नाही, एका बाजूला जरा सुटलेला. पण उजेडाच्या सीमेवरचे खड्डे खोल होते, एकेकाच्या तळाशी मधोमध उभा असलेला डोंगराचा ठिपकासुद्धा दिसत होता. आणि थोडं बाजूला, सपाट करड्या मैदानात, एक बारीक काळी रेघ. सरळ. फुटपट्टीनं मारल्यासारखी.

त्याला आधी वाटलं, काचेवर केस पडला. मग त्यानं दुसरे फोटो पाहिले. चंद्र सरकला होता तिथं रेघही त्याच्याबरोबर सरकली होती.

दुसऱ्या दिवशी मोनाली मॅडम दुकानात उभ्या राहूनच त्या फोटोकडे बघत राहिल्या.

"काका, ही भिंत आहे," त्या म्हणाल्या. "सरळ भिंत म्हणतात तिला. म्हणजे भिंत नाही, जमीन खचून झालेला कडा आहे. शंभर किलोमीटरहून लांब. अंबडहून निघालं तर संभाजीनगर ओलांडून पुढं जाईल. सूर्य तिच्या मागून चढतो तेव्हाच तिची सावली पडते. अष्टमी-नवमीला एक-दोन दिवस. नंतर दिसत नाही. मी पुस्तकात वाचलंय, बघितली नव्हती."

"मंग हा लावा," बद्रीनाथ म्हणाला. महिनाभरात तो पहिल्यांदा हसला.

मॅडम हसल्या नाहीत. सरांनी कल्याणचा फोटो आठवड्यापूर्वीच जालन्याला मोठा करायला दिला होता. काल तो काचेच्या चौकटीत बसून आला आणि भिंतीत खिळे ठोकून झाले. पाहुण्यांच्या पत्रिकाही गेल्या. "मी बोलले काका. दोनदा बोलले. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू."

अठ्ठावीस तारखेला बद्रीनाथ जाणारच नव्हता. दैवशालानं बळंच नेलं. इस्त्रीचा सदरा घालून तो दुसऱ्या रांगेत बसला. दालनाचं दार उघडलं, फीत कापली, आणि समोरच्या भिंतीवर तो तीन फुटी लखलखीत चंद्र. त्याखाली पितळी पट्टी. पट्टीवर लिहिलं होतं: 'चंद्राचा पृष्ठभाग. अंबड येथून दुर्बिणीद्वारे टिपलेले छायाचित्र. छायाचित्रकार: बद्रीनाथ.'

त्यानं मागं वळून पाहिलं. कल्याण भिंतीला टेकून उभा होता. बापाकडे बघून त्यानं मान हलवली, किंचित, तुमच्यासाठीच केलं अशी.

अप्पाराव सरांनी माइकवर नाव पुकारलं. शाल, नारळ, टाळ्या. सर म्हणाले, "बद्रीनाथजींनी महिनाभर अथक परिश्रम घेऊन हा चंद्र आपल्यापुढं आणला. दोन शब्द बोला."

बद्रीनाथनं माइक हातात घेतला. स्टुडिओत लोकांना बसा, उठा, इकडं बघा, एवढंच बोलायची सवय.

"परिश्रम खरे हायेत," तो म्हणाला. "पण हा फोटो माझा न्हाई. माझ्या मुलाच्या मोबाइलनं काढलाय. आणि मोबाइलनं बी पुरता काढलेला न्हाई, त्यानं आपल्या पदरचं घातलंय. दुर्बिणीतून काढलेला न्हाई. तेवढी पट्टी काढून घ्या." तो थांबला. आणखी काहीतरी सांगायचं होतं, त्या रेघेबद्दल, ऊन बाजूनं पडतं त्याबद्दल, पण समोर पाहुणे घड्याळ बघत होते आणि मागच्या रांगेतल्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. "बस्. एवढंच," म्हणून तो खाली उतरला. शाल खांद्यावरून घसरली ती दैवशालानं उचलली.

सरांनी माइक घेतला आणि म्हणाले, "किती विनम्रता!" पुन्हा टाळ्या झाल्या.

घरी आल्यावर कल्याण जिन्यातच फुटला. "चारचौघांत काय मिळालं तुम्हाला? तुमचंच नाव टाकायला लावलं होतं ना मी? माझं टाकलं असतं तर कुणी अडवलं असतं?"

"म्हणूनच," बद्रीनाथ म्हणाला. "माझं नाव होतं म्हणून."

"मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

पोरानं वाईट केलं नव्हतं, हे बद्रीनाथला कळत होतं, आणि त्यामुळे चिडायचीही सोय राहिली नव्हती. तो वर जाऊन गच्चीवर उगाच येरझाऱ्या घालत राहिला.

शाळेनं पट्टी काढली. फोटो तसाच राहिला, नावाशिवाय. बद्रीनाथच्या फोटोची एक छोटी प्रिंट मॅडमनी प्रयोगशाळेत बेसिनच्या वर लावली, तिथंच एक मोकळा खिळा होता म्हणून. पाण्याचे शिंतोडे उडून तिचा खालचा कोपरा फुगला. बद्रीनाथ एकदा पाहून आला आणि परत गेला नाही.

कल्याण दोन आठवडे कामापुरतं बोलायचा. मग एक दिवस दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना तो कॉम्प्युटरवर बसलेला दिसला. त्यानं दोन्ही चंद्र शेजारी शेजारी उघडले होते.

"ही रेघ माझ्यात काहून न्हाई?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"तू पौर्णिमेच्या तोंडावर काढला. तेव्हा ऊन समोरून पडतं. सावली पडत न्हाई."

"मंग मोबाइलनं नवमीला काढला तर?"

"म्हाईत न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. खरंच माहीत नव्हतं. "काढून बघ."

"दुर्बिणीतून बी काढून बघू. बराबर. एकाच वेळी दोन्ही."

दुर्बीण परीक्षा होईपर्यंत बद्रीनाथकडेच होती. चैत्रातल्या नवमीला, रामनवमीची मिरवणूक बाजारातून जात असताना, बापलेक अंगदच्या रानात गेले. कल्याणनं एका लग्नाच्या ऑर्डरीची बोलणी दुसऱ्या दिवशीवर ढकलली होती. त्यानं स्वतः स्टँड लावला, नळी उघडी ठेवली, तोल पाहिला. या वेळी साबुदाण्याऐवजी त्याच्या ड्रोनची जुनी बॅटरी बांधली, ती बरोबर बसली. बद्रीनाथला ते आवडलं.

पाच वाजता पश्चिमेकडून ढग चढायला लागले. सहापर्यंत अर्धं आभाळ भरलं. सूर्य त्यांच्या आत मावळला. सात वाजता चंद्राच्या जागी नुसती एक फिकट लकाकी होती, मग तीही गेली. लांब कुठंतरी वीज चमकली. अंगद कांद्यावर ताडपत्री टाकायला पळाला.

कल्याण मोबाइल हातात धरून वर बघत उभा होता. त्यानं तरीसुद्धा एक फोटो काढला. काहीच आलं नाही, नुसता काळा.

"ह्याला तर काहीच सापडलं न्हाई," तो म्हणाला.

"गोल दिसायला पाहिजे त्याला आधी."

टपोरे थेंब पडायला लागले. दोघांनी धावत नळी कापडात गुंडाळली, स्टँडचे पाय मिटले.

"उद्या येऊ," कल्याण म्हणाला. "उद्या मी मोकळा हाय."

"उद्या ती रेघ पुसट पडती. परवा नसल्यातच जमा." बद्रीनाथनं कॅमेरा सदऱ्याच्या आत घातला. "आता पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात नवमीला मला परतूरला लग्न हाय. ऑर्डर घेतलीय."

"मंग त्याच्या पुढच्या."

"तेव्हा अधिकमास हाय, लग्नं न्हाईत," कल्याण म्हणाला, आणि नळीचं जड टोक आपल्या खांद्यावर घेतलं. दोघं पाय चिकटवणाऱ्या चिखलातून, शिव्या घालत, रिक्षाच्या दिशेनं निघाले.